हमखास लायटरची डावी शेड

कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या बाजूला जी शेड लागते तिला सगळे 'डावी शेड' म्हणतात, आणि डाव्या बाजूला लागते ती 'उजवी शेड'. नवा माणूस पहिल्या दिवशी चुकतोच चुकतो. पहारेकरी त्याला मुद्दाम सांगत नाही. पहिल्याच दिवशी माणसाची थोडी फजिती झाली की तो टिकतो, असं त्याचं शास्त्र आहे, आणि बावीस वर्षांत ते फारसं खोटं ठरलेलं नाही.

कंपनीला पन्नास वर्षं झाली तेव्हा जाहिरातवाल्यांनी इतिहासाचं एक पुस्तक छापलं. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, पहिल्या पानावर 'हमखास' लायटरचा झळझळीत फोटो. दोन शेडींबद्दल त्यात एकच ओळ आहे: 'संस्थापकांनी दूरदृष्टीने डाव्या व उजव्या अशा दोन्ही हातांच्या ग्राहकांचा आरंभापासून विचार केला.' दूरदृष्टी म्हणे! अहो, ज्या माणसाला स्वतःच्या घरातला हात दिसला नाही, त्याला दूरचं काय डोंबल दिसणार होतं? खरी हकिगत वेगळी आहे, आणि ती पुस्तकातल्या ओळीपेक्षा कितीतरी चांगली आहे.

तेव्हा कारखाना नव्हता. घराच्या मागे एक लांबट खोली होती, तिला दोन खिडक्या आणि एक तुळई, आणि पावसाळा नसला तरी एका कोपऱ्यात ओल. त्या खोलीत बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. बाबा डावखुरे. नुसते डावखुरे नव्हेत, कट्टर डावखुरे. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात वर्षभर बाकाला बांधून ठेवला होता. त्या वर्षात त्यांचा उजवा हात दोनच गोष्टी शिकला: कागद दाबून धरणं आणि मास्तरांची पाठ वळली की वेडावून दाखवणं. त्याच बाकावर त्यांनी ठरवलं होतं म्हणे, की स्वतःची खोली झाली की तिथं सगळं आपल्या हाताचं. आणि बोलल्याप्रमाणे केलं. पत्रा पकडायचा व्हाइस टेबलाच्या डाव्या टोकाला, खण डावीकडून उघडणारे, लेथचा दांडा उलट्या अंगाला. पत्रा कापायची कात्रीसुद्धा त्यांनी पाती उलटी बसवून स्वतः बनवली होती.

लायटर सुचला तोही असाच. घड्याळाचं काम करताना स्पिरिटचा दिवा सारखा पेटवायला लागायचा. एका हाताखाली बारीक स्प्रिंग दाबून धरलेली, मग काडी ओढायची कशी? स्प्रिंग सोडली की ती उडून कुठल्या फटीत जाईल त्याचा नेम नाही. म्हणून बाबांनी एका हातानं पेटणारा लायटर केला. मेणाचा गोळा घेतला, डाव्या तळहाताखाली दाबला, आणि त्या ठशावरून पितळेची डबी घडवली. एक बाजू खोलगट, दुसरी फुगीर, बोटांना चार खाचा. अंगठ्यानं झाकण उडवायचं, त्याच अंगठ्यानं चाक ओढायचं, चाकाचे तिरके दात खड्यावर घासले की ठिणगी, आणि वात पेटली. एका झटक्यात. बाबांनी नाव ठेवलं 'हमखास'. घड्याळं मागे पडली आणि खोलीत लायटर व्हायला लागले.

लेथवर एक माणूस ठेवला, त्याला सगळे लांब्या म्हणायचे. त्याची परीक्षा घेतली ती कशी? बाबांनी बोलता बोलता एक बोल्ट त्याच्याकडे फेकला. लांब्यानं तो डाव्या हातानं झेलला. "उद्यापासून ये," बाबा म्हणाले. त्याच्या आधी आलेले तिघं उजव्या हातानं झेलून घरी गेले, आणि आपलं काय चुकलं हे त्यांना आजतागायत कळलं नसेल. खरं सांगायचं तर बाबांनाही कळलं नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "माणूस बघितल्याबरोबर कळतो."

तयार माल तपासायला ताई होती, बाबांची थोरली मुलगी. तीही डावखुरी, बाबांचाच साचा. खिडकीशी बसून ती एकेक लायटर उचलायची, तक्, पेटला, फुंकर, आणि 'पास'च्या खोक्यात. तिच्या हातून नापास माल कधी गेला नाही, आणि हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची.

आता राहिला धाकटा. वय चोवीस, खांदे रुंद, डोळा असा तिखट की चाकाचा एक दात बोथट असला तर चाक फिरत असताना ओळखायचा. पण हात उजवा. त्या खोलीत तो एकटाच उजवा, आणि त्या खोलीतली एकही वस्तू त्याच्यासाठी केलेली नव्हती. कात्री हातात घेतली की पात्यानं आखलेली रेघच झाकली जायची, आणि पत्रा भलतीकडे फाटायचा. लेथचा दांडा कोपराला लागायचा. लहानपणापासून त्यानं एकच ऐकलं होतं, "हा धांदरट आहे." इतक्यांदा ऐकल्यावर माणसाचा विश्वास बसतो हो. त्याचाही बसला होता.

बाबांचा एक आवडता विनोद होता. ते म्हणायचे, "डॉक्टर सांगतात, माणसाच्या पोटात अपेंडिक्स नावाची एक बिनकामाची वस्तू असते. माझ्याकडे दोन आहेत. एक अपेंडिक्स, दुसरा उजवा हात." आणि पाहुणे आले की धाकट्याच्या पाठीवर थाप मारून ओळख करून द्यायचे, "हा माझा उजवा हात." पाहुणे मान डोलवायचे, "वा वा, नशीबवान आहात." ताई तोंडाला पदर लावायची, लांब्या लेथमागे वाकून हसायचा, आणि धाकटाही हसायचा. करतो काय? पाहुण्यांसमोर रडायचं का?

पण पोरगा मुळूमुळू रडणाऱ्यांतला नव्हताच. हात चालत नाही म्हटल्यावर त्यानं जीभ चालवली. माल कागदात गुंडाळणं, खोक्यांवर चिठ्ठ्या लावणं ही बिनअकलेची कामं त्याच्याकडे असायची, ती उरकून तो दुकानं पालथी घालायचा. दगडाला पाझर फोडील असं बोलायचा. फक्त एक अडचण होती. 'हमखास' त्याला पेटवता यायचा नाही. उजव्या हातात धरला की खाचा तळव्याला टोचायच्या, झाकण अंगठ्यावर आपटायचं, आणि अंगठा ओढावा तर चाकाचे दात उलट्या अंगाला, नुसतं गुळगुळीत फिरायचं. फार खटपट करून त्यानं एक युक्ती काढली होती. डबी पाठमोरी धरायची आणि चाक खालून वर ढकलायचं. मग पेटायचा, पण ज्योत थेट पहिल्या बोटाच्या मधल्या पेरावर. तिथं त्याला एक काळपट डाग पडला होता. तो कुणाला दाखवायचा नाही. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचा नाही म्हणा ना.

घरात आणखी एक उजवा हात होता, तो आईचा. पण आईला लायटरला हात लावताना कधी कुणी बघितलं नव्हतं. "मला माझी काडीपेटी बरी," ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, "बायकांना नवीन काही नको असतं." ताईकडे बघून असलं बोलायला त्यांना काहीच वाटायचं नाही.

मग एके दिवशी धाकट्यानं त्या कात्रीनं पितळेचा एक आख्खा पत्रा वाकडा कापला. पन्नास डब्यांचा पत्रा. बाबा ओरडले नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाले, "पहिल्या तारखेपासून मामाच्या दुकानात जा. खिळे मोजायला हात लागत नाहीत, आकडे लागतात."

मामाचं दुकान दोन दिवसांच्या वाटेवर होतं, आणि तिथं खिळे, बिजागऱ्या आणि मामा याशिवाय काही नव्हतं. धाकट्याला ही खोली हवी होती. पितळेचा वास, लेथचा आवाज, चाकावर दात पडताना निघणारं ते बारीक सोनेरी भुसकट, यात त्याचा जीव अडकला होता. तो म्हणाला, "बाबा, मी मोठी ऑर्डर आणली तर?"

"किती मोठी?"

"पाचशे."

"पाचशे कुणीही एकदा घेतं," बाबा म्हणाले. "तेच गिऱ्हाईक परत आलं आणि दोन हजार मागितले, तर राहा. नाहीतर मामा."

धाकटा ताईला घेऊन बाजारातल्या सगळ्यात मोठ्या घाऊक दुकानदाराकडे गेला. बोलला धाकटा, पेटवला ताईनं. तक्, तक्, तक्, दहा वेळा, दहाही वेळा ज्योत. दुकानदार जाड चष्म्यातून ज्योतीकडे बघत होता. हात डावा की उजवा हे कोण बघतो? त्यानं तिथल्या तिथे पाचशे मागवले. परतताना धाकटा रस्त्यानं शीळ घालत आला. ताई म्हणाली, "पेटवले मी, आणि शीळ तू घालतोयस?" "मग तू घाल की," तो म्हणाला, आणि दोघं शीळ घालत घरी आले.

दहा दिवसांनी, दुपारी जेवणं उरकताहेत तोच हातगाडीचा खडखडाट ऐकू आला. गाडीवर तेच खोकं, आणि गाडीमागे खुद्द दुकानदार, घामाघूम, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला ही एवढी पट्टी.

"घ्या तुमचे हमखास!" तो दारातूनच गरजला. "चारशे बारा परत आलेत. चारशे बारा! गिऱ्हाईकं माझ्या तोंडावर फेकून गेली. एक पेटेल तर शपथ."

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी खोकं फोडलं, वरचाच लायटर उचलला. तक्, पेटला. दुसरा. तक्. तिसरा, चौथा, पाचवा. एकामागून एक वीस लायटर टेबलावर पेटवून ठेवले आणि हात झटकले. "कुठला पेटत नाही म्हणता?"

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं एक विझवून हातात घेतला, अंगठ्यानं चाक ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. झाकण त्याच्या अंगठ्यावर आपटलं. "बघा! बघा! तुमच्या हातात पेटतो, माझ्या हातात नाही. ही काय हातचलाखी लावली आहे? दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे!"

"ताई," बाबा तिच्याकडे न बघताच म्हणाले, "हे तू तपासलेस?"

"एक अन् एक," ताई म्हणाली. तिची उभ्या आयुष्याची ऐट त्या खोक्यात होती.

"ऐकलंत? माल खणखणीत आहे." बाबा दुकानदाराकडे वळले. "नाचता येईना, अंगण वाकडं. हात शिकवा आधी, मग या."

"शिकवतो ना," दुकानदार म्हणाला. "आधी सगळ्या बाजाराला शिकवतो. 'हमखास' म्हणजे हमखास बोट भाजणार, असं प्रत्येक दुकानात सांगून येतो. दोन हजार मागवणार होतो मी! नशीब माझं, थांबलो."

दोन हजार. धाकटा भिंतीशी उभा होता, त्याला तो आकडा थोबाडीत बसल्यासारखा लागला. मामाचं दुकान डोळ्यांसमोर आलं, खिळ्यांची पोती आली. पण त्याचा डोळा, तो तिखट डोळा, दुसरीकडेच होता. दुकानदार रागानं हात नाचवत होता आणि त्याची पट्टी सुटत आली होती. पट्टी नेमकी पहिल्या बोटाला. नेमकी मधल्या पेराला.

"मालक," धाकटा पुढे झाला, "जरा पट्टी सोडता का?"

"का? फुंकर घालणार आहेस?"

"सोडा तर खरी."

दुकानदारानं पट्टी सोडली. पेराच्या आतल्या अंगाला टपोरा फोड. धाकट्यानं आपला हात त्याच्या हाताशेजारी धरला. तेच बोट, तेच पेर, तीच जागा. एकाचा फोड ताजा, दुसऱ्याचा डाग जुना, एवढाच फरक.

त्या क्षणी त्याच्या अंगावरून काय सरसरून गेलं ते शब्दांत सांगायचं तर एकच वाक्य पुरे: म्हणजे मी धांदरट नाही! चोवीस वर्षं उराशी धरलेलं गाठोडं कुणीतरी खाली उतरवावं तसं त्याला झालं. हा मोठा व्यापारी, बाजारात अर्धं आयुष्य घातलेला, आणि त्याचा हातही तिथंच भाजला!

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच नवा वाटला, "अंगण खरंच वाकडं आहे."

"काय?"

"लायटर उजव्या हातात धरा."

"मी कशाला धरू?"

"गिऱ्हाईक धरतं म्हणून. धरा ना. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

खोलीत असं बाबांशी कुणी बोललं नव्हतं. लांब्यानं लेथ बंद केला. बाबांनी मुलाकडे डोळे वटारून बघितलं, मग त्याची जिरवावी म्हणून एक लायटर उजव्या हातात घेतला. खाचा तळव्याला टोचल्या. झाकण अंगठ्यावर आपटलं. चाक गुळगुळीत फिरलं. पुन्हा ओढलं. पुन्हा. मग इरेला पेटून त्यांनी डबी पाठमोरी केली, चाक वर ढकललं, आणि "आई गं!" करून लायटर टाकला. पहिलं बोट तोंडात.

कुणी हसलं नाही. म्हणजे दुकानदार हसला, पण तो परका.

"तुम्ही डावखुरे," धाकटा म्हणाला. "ताई डावखुरी. लांब्या डावखुरा. डबी तुमच्या तळहाताच्या ठशाची, दात तुमच्या अंगठ्याच्या वळणाचे, तपासणारी ताई. इथे सगळं पासच होणार! पण दुनिया उजवी आहे, बाबा. ही खोली सोडली तर सगळी दुनिया उजवी आहे."

"अरेच्चा!" दुकानदारानं कपाळावर हात मारला. "माझी बायको डावखुरी आहे हो! तिच्या हातात तो एका झटक्यात पेटला. मला वाटलं मुद्दाम खिजवतेय. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी."

"मग आज बोला," ताई म्हणाली.

आई एवढा वेळ दाराशी भांडं पुसत उभी होती. बाबा तिच्याकडे वळले. "तू उजवी आहेस. तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आठवड्यातच एकदा पेटवून बघितला होता तुमचा लायटर, तो पहिला," आई म्हणाली. "नाही पेटला. म्हटलं, असेल बाई काहीतरी पुरुषांचं. नंतर मला कुणी विचारलंच नाही."

दुकानदाराला धाकट्यानं बसवलं, पाणी दिलं, आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. चाकाची पिन काढायची, चाक उलटं बसवायचं, की दात फिरले. बिजागरी दुसऱ्या अंगाला. डबीचा साचा मात्र नवा करावा लागेल. महिनाअखेरपर्यंत पाचशे उजवे लायटर देतो. प्रत्येक तुम्ही स्वतः पेटवून घ्या, आणि एक जरी रुसला तर आख्खं खोकं परत. "आणि हे चारशे बारा फेकू नका. गल्लीगल्लीत एखादा डावखुरा असतोच, जन्मभर दुसऱ्यांच्या कात्र्या वापरून पिचलेला. त्याच्या हातात हा ठेवून बघा, लायटरवाल्यांना दुवा देईल."

दुकानदारानं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "शंभर डावे ठेवतो," तो उठत म्हणाला. "पहिला बायकोला देतो. महिनाअखेर म्हणालास, लक्षात ठेव." आणि शंभर लायटर मोजून हातगाडीवर टाकून निघून गेला.

तो गेल्यावर बाबांनी कपाटातून मेणाचा गोळा काढला, स्पिरिटच्या दिव्यावर ऊन केला, टेबलावर ठेवला.

"ठेव हात," ते म्हणाले.

धाकट्यानं उजवा हात मेणावर ठेवला. बाबांनी आपल्या डाव्या हातानं तो वरून दाबला, एकेक बोट नीट बसवलं. बसवता बसवता त्यांना तो डाग दिसला.

"हे कधीपासून?"

"पहिल्यांदा पेटवून बघितला तेव्हापासून."

"बोलला नाहीस."

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता..."

"काय म्हणालो असतो?"

"नाचता येईना..." ताई बोलून गेली आणि जीभ चावली.

बाबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "मास्तरांनी माझा हात बांधला होता. एक वर्ष. मी तुझा चोवीस वर्षं बांधला, आणि वर हसलो." मेण गार होऊन कडक झालं तरी त्यांनी मुलाच्या हातावरचा आपला हात उचलला नव्हता.

पुढचे दिवस त्या खोलीत जत्रा होती. धाकट्यासाठी बाबांनी दुसरा व्हाइस उजव्या टोकाला ठोकला. उजवी कात्री बाजारातून आणली, साधी, कुठल्याही दुकानात मिळणारी, आणि धाकट्यानं पहिला पत्रा कापला तेव्हा तो रेघेवरून असा गेला की लांब्या म्हणाला, "अरे, याला येतंय की!" "यायचं पहिल्यापासून," धाकटा म्हणाला. "तुमच्या कात्रीला येत नव्हतं." तो आता असंच बोलायचा, आणि बाबा ऐकून घ्यायचे. तपासणीला दोन खुर्च्या झाल्या. ताई डाव्या हातानं बाकीचे डावे पुन्हा तपासायची, धाकटा उजव्या हातानं उजवे. तक् इकडे, तक् तिकडे. ताई हरायची नाही म्हणून वेग वाढवायची, तोही वाढवायचा, आणि दुपारपर्यंत दोघांचे अंगठे लालभडक.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी दुकानदार आला. खुर्ची ओढून बसला आणि बोलल्याप्रमाणे एकेक लायटर पेटवायला लागला. पन्नास झाले, शंभर झाले. दीडशेव्याला त्याचा अंगठा दुखायला लागला. "बास," तो म्हणाला. "मला कामं आहेत. दोन हजार उजवे लिहून घ्या. आणि दोनशे डावे."

"डावे?" बाबा दचकले.

"शंभर संपले. बायकोनं तिच्या माहेरीच वीस खपवले."

तो गेला. आईनं कोनाड्यातून कागद आणि पेन काढलं. उद्या पहिली तारीख होती, आणि मामा धाकट्याची वाट बघत असणार. ती बाबांसमोर बसली. "दादाला काय लिहू?"

"लिही, येत नाही म्हणून."

"कारण विचारेल तो. त्यानं खोली झाडून ठेवली असेल."

बाबा चाकाला पिन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "लिही, तो माझा उजवा हात आहे."

चोवीस वर्षांची सवय. ताईचा हात पदराकडे गेला. लांब्याही लेथमागे वाकला. मग दोघांनी बाबांच्या तोंडाकडे बघितलं, आणि ताईचा हात तसाच खाली आला. धाकट्यानं मान खिडकीकडे वळवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पुसायला त्याला दोन्ही हात लागले.

आईनं लिहिलं. शाई वाळायला कागद जरा हलवला.

"वाचून दाखव," बाबा म्हणाले.

"'तो यांचा उजवा हात आहे,'" आईनं वाचलं.

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मग कागदाची घडी घातली, उठली, आणि 'पास'च्या खोक्यापाशी जाऊन उजवा हात पुढे केला.

"आता मला एक द्या," ती म्हणाली. "चूल पेटवायची आहे."